वेणूची ठकी

एका गावात वेणू नावाची एक बाई राहत असे. घरात तिची म्हातारी आई होती आणि वेणूच्या लहानपणीची एक लाकडी बाहुली होती. बाहुलीचे नाव ठकी. म्हातारीचा आणि ठकीचा, दोघींचाही रंग उडाला होता.

आईची आठवण पार गेली होती. रोज सकाळी ती लेकीलाच विचारी, "बाई, तुम्ही कोण?" वेणू ठकी आईच्या हातात ठेवी. आई ठकीच्या तोंडावरून अंगठा फिरवी आणि हळूहळू तिचा चेहरा उजळे. "ही तर आमच्या वेणूची ठकी!" असे म्हणून ती मान वर करी. "अगंबाई, म्हणजे तू वेणू!" तेवढ्या एका हाकेवर वेणूचा सगळा दिवस निभावून जाई.

चैत्र आला. वेणूने चैत्रगौर बसवली, हळदीकुंकवाला बायका बोलावल्या. आरास मांडली आणि पायरीवर ठकीलाही बसवले. शेजारच्या अंबूवहिनी कैरीची डाळ खाता खाता म्हणाल्या, "वेणू, गौरीपुढे ही काळतोंडी कशाला गं बसवलीस?" बायका खो खो हसल्या. ठकीचा एक डोळा पुसट झाला होता आणि गालावर भला मोठा काळा डाग होता, हे खरेच. पण ते वेणूच्या आजवर कधी मनात आले नव्हते. आता तेच मनात घर करून बसले.

दुसऱ्या दिवशी ती नाना चिताऱ्याकडे रंग आणायला गेली. ठकी रंगवायचा तिचा बेत ऐकून नाना म्हणाले, "कधी कुंचला धरलाय का?"

"रांगोळीत माझा हात धरणारं गावात कुणी नाही."

"रांगोळी चुकली तर पुसता येते, वेणूताई. आधी करवंट्यांवर हात बसवा. आणि ठकीचं तोंड खरवडण्याआधी आईंना एकदा विचारा."

"आईला काय कळतंय आता!" वेणू म्हणाली आणि रंग घेऊन घरी आली.

तिने दोन करवंट्या रंगवल्या. त्या बऱ्या वठल्या आणि बाई अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. दुपारी आईचा डोळा लागलेला पाहून तिने ठकीला मांडीवर घेतले. पॉलिश पेपरने जुना रंग घासून काढला. गालावरचा डाग काही केल्या जाईना. तो लाकडात मुरला होता आणि तिथे चांगला खळगाही पडला होता. वेणूने चिकाटीने तो खरवडला, भुशाचा लगदा भरून खळगा बुजवला आणि वरून गुलाबी रंग दिला. मग भुवया, डोळे, ओठ.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे नवशिक्यांचे होते. इथे गणपतीच झाला. ठकी इतकी देखणी दिसू लागली की वेणू स्वतःवरच खूश झाली.

सकाळी आईने विचारले, "बाई, तुम्ही कोण?" वेणूने हसत नवी ठकी तिच्या हातात दिली. आईने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. एका गालावरून दुसऱ्या गालावर शोधत राहिली.

"सुरेख आहे हो," ती म्हणाली, "पण कुणाची ही? नेऊन द्या. ते लेकरू रडत असेल."

"आई, ही आपली ठकीच!"

"छे! आमच्या ठकीला तीट असते. मी वेणूला तीट लावली की वेणू म्हणायची, आता हिला. एकाच बोटाने दोघींना लावायची मी."

वेणूने डाग म्हणून जो खरवडला आणि खळगा म्हणून जो बुजवला, तो रोज तीट लावणाऱ्या आईच्या बोटाचा ठसा होता. तिने धावत जाऊन काजळाची डबी आणली आणि बोट भरून ठकीपुढे धरले. बोट तसेच राहिले. काल घासताना ठकी मांडीवर उलटीसुलटी फिरत होती; तीट उजव्या गालावर होती की डाव्या? जन्मभर जवळ असलेल्या ठकीकडे तिने कधी नीट पाहिलेच नव्हते. तिने अंदाजाने उजव्या गालावर तीट लावली. आईचा अंगठा त्या तिटेवरून गुळगुळीत घसरला. तिने बाहुली परत केली आणि पदराला अंगठा पुसला.

वेणू खूप रडली. रडून खळगा परत येत नाही. नाना चिताऱ्यानेही हात टेकले.

पुढच्या चैत्रात गौरीपुढे ठकी मिरवत बसली. "आता कशी गोजिरी दिसते!" अंबूवहिनी म्हणाल्या आणि सगळ्या बायकांनी वेणूच्या हाताची वाहवा केली. वेणू कोणाकडे न बघता हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आईपुढे गेली. तिने आईला वाकून नमस्कार केला.

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाच्या आहात हो बाई," ती म्हणाली. "आमची वेणूही तुमच्याएवढीच असेल आता. कुठे दिसली तर सांगा तिला, आई वाट बघतेय म्हणून."

तात्पर्य: चार लोक हसले म्हणून मायेच्या वस्तूवर हात चालवू नये. चेहरा नवा रंगवता येतो, पुसलेली ओळख पुन्हा रंगवता येत नाही.