आबांची गोळी

माजी सभापती सर्जेराव थोरातांना शेजारच्या आबा तांबटांचं काहीच बघवत नसे. आबांचा आंबा मोहरला तरी यांची झोप उडे. त्यात आबांचं ब्लडप्रेशर गोळीनं आटोक्यात आलं, यांचं मात्र उतरेना. मग तर सर्जेरावांच्या पोटात दुखायलाच लागलं.

भर दवाखान्यात ते डॉक्टर सुमेधाबाईंवर गरजले, "आबाला भारी गोळी अन् मला हलकी? मला त्याचीच द्या!"

"साहेब, तुम्हाला दमा आहे. त्या गोळीनं तुमचा श्वास कोंडेल."

"आबाला सोसते अन् मला सोसणार नाही? मी काय त्याच्यापेक्षा कमी आहे?"

बसलेले पेशंट माना वर करून बघू लागले. त्यांच्यातच आबाही होते. बाई त्यांच्याकडे वळल्या. "आबा, जरा तुमची कवळी काढून द्या. साहेबांना घालायची आहे."

सर्जेराव दोन पावलं मागं सरले. "शी! दुसऱ्याची कवळी माझ्या तोंडात कशी बसेल?"

"कवळी तर नुसती तोंडातच राहते, साहेब," बाई म्हणाल्या. "गोळी रक्तात जाते."

सर्जेरावांनी मुकाट्यानं स्वतःची चिठ्ठी उचलली. दारातून मात्र वळून विचारलंच, "आबाची कवळी केली कुणी? माझ्या दातांपेक्षा पांढरी दिसतेय."