माहुताची क्षमा

पूर्वी सोमवती नगरीत पद्मकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या अशोकवनात तापस होऊन राहत होता. दुःखाने पोळलेली माणसे त्याच्याकडे जात आणि शांत होऊन परतत. नुसती त्या दिवसापुरती नव्हे. वर्षे लोटली तरी ती शांती टिके. तापस नेमके सांगतो तरी काय, याचे नगराला मोठे कुतूहल होते. विचारावे तर जो तो म्हणे, "काही नाही हो, ऐकून घेतलं आणि एक-दोन गोष्टी विचारल्या."

राजाचा माहूत कुंडक याला हे मुळीच पटत नसे. तापसापाशी वशीकरणाचा मंत्र असणार, अशी त्याची खात्री होती. आणि आता त्याला त्या मंत्राची निकड होती. वीस वर्षे सांभाळलेली त्याची हत्तीण शुभदंती एकदा घाटावर पाण्याबाहेर निघेना, तेव्हा रागाच्या भरात त्याने तिच्या कानामागे अंकुश रुतवला. जखम भरून आली, पण तिने खाणे सोडले. राजाने बजावले, "पौर्णिमेपर्यंत खाल्ले नाही, तर तिला अरण्यात सोडा." गजशाळेत वाढलेली, उपाशी शुभदंती अरण्यात चार दिवसही तगणार नाही, हे कुंडक जाणून होता.

तो तापसापुढे जाऊन बसला. "महाराज, मंत्र द्या."

तापसाने सगळी हकीकत ऐकून घेतली. मग विचारले, "हत्तीवर चढण्याआधी तुम्ही माहूत काही म्हणता ना?"

"म्हणतो की. पायाला हात लावून म्हणायचं, 'माये, तुझ्या अंगावर पाय ठेवतो, क्षमा कर.' तिच्यात देवी वसते, अशी आमच्या कुळाची श्रद्धा आहे."

"तू मानतोस?"

"मानतो, महाराज."

"क्षमा मागून झाली की काय करतोस?"

"काय करणार? चढतो!" कुंडक म्हणाला, आणि आपल्याच उत्तराने ओशाळला.

"वीस वर्षं तिनं तुझी क्षमा ऐकली आणि दर वेळी पाठोपाठ पाय आला," तापस म्हणाला. "उद्यापासून तेच म्हण. फक्त चढू नकोस."

हा कसला मंत्र! कुंडक चरफडत परतला. पण बघू तरी काय होते, म्हणून सकाळी त्याने ते शब्द म्हटले. शुभदंतीने सवयीने पाय वाकवून पायरी करून दिली. तो मागे सरला. तिने कान हलवले आणि पुन्हा पाय वाकवला. अंकुशाचा घाव सोसूनही ती त्याला पायरी देतच होती! कुंडकाला रडू कोसळले. इतक्या वर्षांत आपले शब्द त्याने स्वतः पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिची सोंड त्याच्या खांद्यापर्यंत येऊन मागे गेली. पौर्णिमा उजाडली. राजाचे सेवक साखळदंड घेऊन दाराशी उभे राहिले. कुंडक क्षमा मागून तिच्यापुढे जमिनीवर बसला. घास पुढे करायचेही त्याला सुचले नाही. शुभदंतीने आपणच गवताची पेंढी उचलली, पायावर झटकली आणि तोंडात घातली. सेवक आले तसे परत गेले.

कुंडकाने पुन्हा कधी अंकुश हाती धरला नाही. दर पौर्णिमेला क्षमा मागायची आणि त्या दिवशी चढायचे नाही, अशी सोमवतीच्या माहुतांत रीतच पडली. कुंडक गेला, शुभदंती गेली, तापसाचे नावही लोक विसरले. रीत तेवढी राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा यशोमित्र नावाच्या गृहस्थाला सांगितली. पत्नीला जिव्हारी लागेल असे बोलायचे आणि लगेच क्षमा मागून मोकळे व्हायचे, हा त्याचा रोजचा परिपाठ होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कुंडक म्हणजे तू. शुभदंती म्हणजे तुझ्या शेजारी बसलेली मालिनी. तापस मीच होतो."

यशोमित्र क्षमा मागायला मालिनीकडे वळला आणि थांबला. "आज नाही म्हणत," तो तिला म्हणाला. "आधी उद्याचं माझं वागणं तुला दिसू दे."

तोंडून निघालेला शब्द वागण्याने खरा करणे, ही सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.