तोंडाळ आईचा खडक

वेळशेतच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. गाव त्याला तोंडाळ आई म्हणतं. पोट सुटलेलं, पाठ खवलेदार, जबडा उघडा. पाहुणे हार आणतात आणि तो नेमका जबड्यावरच टाकतात. दात झाकले की फोटो चांगला येतो. लोकांना आई गोडच हवी असते! मग किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी मालनबाय ओरडते, "तोंड झाकू नका गो तिचं! किती वेळा सांगू?" आणि खडकाची गोष्ट सांगायला बसते.

फार पूर्वी इथे पोशी नावाची कोळीण होती म्हणे. जिभेची तिखट. तिची दोन मुलं पाचवीच्या आतच गेली. गाव म्हणाला, हिच्या तोंडामुळे दर्या कोपतो. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले, तेव्हा पोशीने तोंड मिटलं.

त्याच सुमारास मिसर देशाचं, म्हणजे इजिप्तचं, एक गलबत वाळूत रुतलं. त्यावरची एक बाई बाळंतपणात अडली होती. पोशीने तिला सोडवलं. जाताना तिने गळ्यातला निळ्या दगडाचा ताईत पोशीला दिला. त्यावर त्यांची आई कोरलेली होती: पाणघोड्याचं पोट, सिंहाचे पंजे, मगरीची पाठ आणि विचकलेले दात. त्यांच्या नदीकाठी जी जनावरं माणसांचा घास घेत, त्यांचंच बळ तिथल्या बायांनी आईच्या अंगी घातलं होतं. हे तिने खाणाखुणांनी सांगितलं, असं म्हणतात.

सासूने ताईत पाहिला. "शी! आईचं तोंड असं असतं काय?" म्हणत तिने तो फडक्यात गुंडाळून उतरंडीत टाकला.

पोशीला मुलगी झाली. पाचवीलाच उधाण आलं आणि पाणी उंबऱ्याला लागलं. सगळे म्हणाले, "हात जोड, गप बस." पोशीने उतरंड पाडली, ताईत काढून लेकीच्या गळ्यात बांधला, तिला छातीशी धरलं आणि पाण्यात शिरून या खडकावर चढली.

"दोन पोरं नेलीस, तवा म्हनं माझं तोंड वाईट! आता इतके म्हयने गप रायले, तरी आलास? मग गप रावू कशाला रं?"

आणि सुटलीच म्हणे ती. दर्याला, गावाला, सासूला, कुणालाच सोडलं नाही. ओहोटी लागेपर्यंत तिचं तोंड मिटलं नाही. पाणी मागे गेलं, लेक वाचली. खडकाला मात्र ताईताचं रूप आलं ते कायमचं.

आजही वेळशेतमध्ये बारशाआधी बाळाच्या गळ्यात निळा मणी बांधतात. बाळंतीण खडकावर उभी राहून मनात साचलेलं सगळं मोठ्याने बोलते आणि घरची माणसं खाली पाण्यात उभी राहून ऐकतात. 'हळू बोल' म्हणायची तिथे कुणालाच मुभा नाही.

एवढं सांगून मालनबाय उठते, जबड्यावरचा हार काढून खडकाच्या पायाशी ठेवते. तोवर पुढचे पाहुणे नवा हार घेऊन आलेले असतात.