खोताच्या माडीची सावली

चांगुणा कोळीण किनाऱ्यावर दोऱ्या बांधून बोंबील सुकवायची. त्या दोऱ्यांच्या पूर्वेला केशरीनाथ खोतांनी तीन मजली माडी उठवली आणि सकाळचं ऊन तिथे पोहोचेनासं झालं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत माडीची लांब सावली बोंबलांवर पसरलेली असायची. ओला माल आंबू लागला.

चांगुणा पंचांकडे गेली. खोत हसून म्हणाले, "सावली काय मी पाडतो? ती सूर्याची करणी. माझी हद्द भिंतीपाशी संपते. भिंतीबाहेरची सावली माझी नव्हे." पंचांनी माना डोलावल्या. चांगुणा ओठ चावत परतली.

चैत्रात खोतांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सकाळीच किनाऱ्यावर, माडीच्या गार सावलीत गाद्या घातल्या, पोह्यांच्या बश्या फिरू लागल्या. तेवढ्यात चांगुणा आली आणि आंबलेल्या बोंबलांच्या चार पाट्या गादीला लागून ओतून खाली बसली. पाहुण्यांनी नाकाला उपरणी लावली.

"ऊठ माझ्या सावलीतून!" खोत कडाडले.

"तुमची कशी हो, खोतसाहेब? पंचांसमोर तर नाही म्हणालात. आणि आज तुमची झाली असेल, तर तिच्यात कुजलेला हा मालही तुमचाच. घ्या घरात."

पाहुणे बश्या तशाच टाकून उठले.

"चांगुणे, नाक कापलंस खोताचं!" किनाऱ्यावरच्या बाया म्हणाल्या. माडी जागच्या जागी उभी होती, आणि चांगुणेला बोंबील पुरायला खड्डा खणायचा होता.