सावरखोरीच्या बारवेच्या तुटक्या पायऱ्या

सावरखोरीच्या बारवेत उतरणारा पाहुणा अर्ध्यावरच दचकून थांबतो. पाण्याच्या पुरुषभर वर पायऱ्या तुटलेल्या आहेत. पुढे नुसता कडा. बारवेतल्या देवीचे पुजारी धोंडिबा गुरव त्याला तिथेच बसवतात आणि सांगतात, की या पायऱ्या कुण्या शत्रूने नाही, येसू नावाच्या नव्या नवरीने तोडायला लावल्या म्हणे.

येसू पाथरवटांची सून. अंगाची हळद उतरायच्या आत सासू तिला इथे पाण्याला घेऊन आली. त्यांच्याच वाडवडिलांनी घडवलेल्या शेवटच्या पायरीवर सासरा पाय पाण्यात सोडून बसला होता. त्याच्या घोट्यावरचा फोड फुटला आणि आतून शेवयीसारखा पांढरा दोरा बाहेर आला. दोरा वळवळत होता. भोवतीचे पाणी दुधाळले. हातभर अंतरावर जाऊ कळशी बुडवत होती.

येसू एक पायरी मागे सरली.

"दचकतेस काय? नारू आहे," सासू म्हणाली. "वर्षाकाठी एखादा निघायचाच. देवीचं पाणी थंडावा देतं."

"आणि आपण तेच पितो?"

"मग? माहेरी काय अमृत पीत होतीस?"

येसूने पदर दुहेरी करून त्यातून पाणी गाळले. पदरावर बारीक ठिपके उड्या मारू लागले. तिने पदर झटकला, बाकीच्यांना हसू आले.

तिने देवीपुढे पैज लावली. "वर्षभर गाळल्याशिवाय थेंब घेणार नाही. इथलं पाणी अजून माझ्या पोटात नाही. मला नारू निघाला तर कायमची माहेरी धाडा. नाही निघाला, तर या पायऱ्या तोडा, म्हणजे कुणाचा पाय पाण्यात पडणार नाही." सासऱ्याने मान डोलावली, सून हरणार याची त्याला खात्रीच होती.

पेरणीच्या तोंडाशी नारू निघाला, पण नवऱ्याला, म्हसूला. नारू वर्षभराने वर येतो; लग्नाआधी प्यालेले पाणी ते! आग सोसवेना, तसा तो बारवेकडे सरपटू लागला. येसूने त्याला उंबऱ्यातच अडवले. पाय पाण्याच्या परातीत ठेवून ती तो दोरा रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळी आणि परातीतले पाणी दूर तापल्या खडकावर ओती. देवीचा थंडावा नाकारते, म्हणून गाव तिच्या दारावरून थुंकत गेले.

वर्ष सरले. बायकांनी येसूचे पाय उलटसुलट करून पाहिले. साधा फोड नाही! घरोघर माणसे सुजल्या पायांनी पडलेली. तेव्हा सासरा काठी टेकत बारवेवर आला, असे सांगतात. त्याचा पाय पुन्हा ठणकत होता. त्याने म्हसूच्या हाती घण दिला.

"तोड. पायरी राहिली तर मी परत पाय सोडीन. माझा मला भरवसा नाही."

आजही सावरखोरीत पाणी वरूनच दोराने शेंदतात. नवी सून पहिली घागर पदरातून गाळते आणि त्यातला पहिला तांब्या सासऱ्याने प्यायचा असतो. त्याने नाक मुरडले तरी चालते म्हणे. प्यावे मात्र लागतेच.