हैबतरावांचा बंब

आईसाहेबांच्या घंगाळात आजही गार पाणी!

"हैबतराव!" म्हातारीची हाक सात दालनं ओलांडून आली. "पौषाची थंडी, माझे गुडघे धरलेत, आणि बंबातून येतंय विहिरीचं पाणी! तुझी आई आहे मी की बदक?"

करंजवडीचे राजे हैबतराव महाराज तेव्हा नुकतेच न्हाऊन, लालबुंद होऊन, केस पुसत बसले होते. त्यांना कशाला कळतंय गार पाणी म्हणजे काय!

राजवाड्यात तांब्याचा एकच बंब होता, महाराजांच्या आजोबांच्या वेळचा. आताच्या पोरांनी बंब पाहिला नसेल, म्हणून सांगतो. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतलं की खालच्या तोटीतून एक तांब्या कढत पाणी बाहेर! वरून घातल्याशिवाय खालून थेंब यायचा नाही.

हे घालायचं काम धोंडू पाणक्याचं. महाराज पाटावर बसत, डोळे मिटत आणि भूपाळी सुरू करत. मध्येच म्हणत, "घाल!" धोंडू घाली. पुन्हा "घाल!" धोंडू पुन्हा घाली. भूपाळी संपेपर्यंत साठ तांबे! एवढं गार पाणी पोटात गेल्यावर बंब तरी काय करणार? मागून आईसाहेब, राणीसाहेब, दोन आत्याबाई आणि चार पोरं दात वाजवत न्हायची.

पण हे महाराजांना सांगणार कोण? धोंडूची तर त्यांच्यापुढे दातखीळ बसायची.

महाराजांनी स्वतःच निकाल लावला. "कुणीतरी माझ्या आधी बंबातलं पाणी चोरतंय! धोंड्या, कान देऊन ऐक. उद्या घरातल्या नऊच्या नऊ माणसांना कढत पाणी मिळालं पाहिजे. दुसरा बंब आणायचा नाही. रोजच्यापेक्षा एक ढलपी जास्त जाळायची नाही. पहिली आंघोळ माझी, आणि माझ्या पाण्यात एका तांब्याचीही कपात चालणार नाही! जमलं नाही तर चंबूगबाळं उचलायचं आणि चालू लागायचं!"

धोंडूच्या तोंडचं पाणी पळालं. परसातली खोली गेली, तर बायकापोरांना घेऊन तो जाणार कुठे?

धोंडूची थोरली लेक भागू दारातच केरसुणी घेऊन उभी होती. ती पुढे आली.

"महाराज, चोर धरायचा तर कडक हुकूम हवा. तुमची आंघोळ उरकेपर्यंत तापल्या बंबाला दुसऱ्या कुणी शिवावं का?"

"मुळीच नाही!"

"राणीसाहेबांनी?"

"नाही!"

"माझ्या बाबांनी?"

"अगं, धोंड्या असो नाहीतर प्रधान असो! बंब एकदा तापला की माझी आंघोळ होईपर्यंत माझ्याशिवाय त्याला कुणी बोट लावायचं नाही. लावील त्याला वेशीबाहेर काढीन! द्या रे दवंडी!"

"जशी आज्ञा," भागू म्हणाली आणि पुन्हा केर काढू लागली.

घरी धोंडूने कपाळावर हात मारला. "पोरी, अगं काय करून ठेवलंस हे?"

"बाबा, उद्या सकाळी फक्त हाताची घडी घालून उभं राहायचं. एवढं जमेल ना?"

दुसऱ्या दिवशी बंब छान तापला. महाराज पंचा नेसून पाटावर बसले. अंगाला तेल, डोक्याला शिकेकाईचा लगदा, डोळे मिटलेले. भूपाळीचा पहिला सूर लागला.

"घाल!"

पाणी आलं नाही.

"धोंड्या, घाल!"

धोंडू हाताची घडी घालून उभा. शिकेकाईचा ओघळ महाराजांच्या डोळ्यांत उतरला.

"अरे मेलो! घाल ना पाणी!"

दाराबाहेरून भागूचा आवाज आला. "महाराज, बाबांनी बंबाला बोट लावलं तर तुम्ही त्यांना वेशीबाहेर काढणार. काल दवंडी झाली!"

"मग मी काय असाच बसू?"

"छे छे! बंब तुमचा, तांब्या तुमचा. हवे तेवढे घ्या. साठ घ्या, सत्तर घ्या!"

दिलेला शब्द मागे घेतील तर ते हैबतराव कसले! महाराज चाचपडत उठले. हंड्यातून गार पाण्याचा तांब्या भरला, टाचा उंचावून नरसाळ्यात ओतला, धावत तोटीखाली येऊन अंगावर कढत पाणी घेतलं. पुन्हा तांब्या, पुन्हा टाचा, पुन्हा धाव! तिसऱ्या तांब्याला भूपाळी बंद पडली. सातव्याला कंबर बोलू लागली. अकराव्याला महाराज ओरडले, "झाली माझी आंघोळ!"

मग आईसाहेब गेल्या. आतून वाफ आली आणि चक्क ओवीचे सूर आले. मागोमाग राणीसाहेब, आत्याबाई आणि पोरं न्हाली. शेवटच्या पोराने तर "भाजलं!" म्हणून उडी मारली.

महाराजांनी बापलेकीला दरबारात समोर उभं केलं. "माझ्या पाण्यात कपात केलीस!"

"मी? महाराज, कुणी तुमचा हात धरला होता का?"

"...नाही."

"दुसरा बंब आणला?"

"नाही."

"लाकूड जास्त जाळलं?"

"नाही गं बाई!"

"मग चोर तेवढा सापडायचा राहिला," भागू गंभीरपणे म्हणाली. "साठातले अकरा तुम्ही घेतलेत. रोजचे एकोणपन्नास कोण नेत होतं, ते तुम्हीच शोधा!"

तेवढ्यात पडद्याआडून आईसाहेब फिसकन हसल्या. महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि तेही असे खो खो हसले की दुखरी कंबर धरून खाली बसले.

"धोंड्या, परसातली खोली आजपासून तुझ्या मालकीची! आणि भागू, तुला आईसाहेबांच्या हातातल्या पाटल्या. आणखी काय हवं ते माग!"

भागूने बंबाच्या दिशेने पाहिलं.

"काही नको, महाराज. फक्त तेवढा कालचा हुकूम मागे घेऊ नका!"