सही नाही

एकदा एका तालुक्याच्या गावी, कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत, एका वृद्ध लेखापाल बाईंच्या हाताखाली एक तरुण काम शिकू लागला. शाळा एका संस्थेची होती, पण चालायची शासनाच्या अनुदानावर. शिक्षकांपासून स्वयंपाकिणीपर्यंत प्रत्येकाचा पगार सरकारातून यायचा, आणि तो यायचा हजेरीपटावरच्या सह्या पाहून. बाईंचे नाव सरोजिनीबाई. निवृत्त झाल्यावरही संस्थेने त्यांना, त्याच हजेरीपटावर, मानधनावर ठेवून घेतले होते, कारण त्यांच्या हातून गेलेल्या पगारपत्रकावर लेखापरीक्षकांनी कधी बोट ठेवले नव्हते. तरुणाचे नाव हेरंब. त्याचे अक्षर सुरेख होते, बेरीज बिनचूक होती आणि मन कोवळे होते. बाईंना त्याचे कौतुक होते. फक्त, कोवळ्या मनाच्या माणसाला फसवणे सोपे असते, हे त्या जाणून होत्या.

त्या वर्षी संक्रांतीनंतर वसतिगृहात कांजिण्यांची साथ आली. जवळच्या गावांतल्या मुलांना पालक घरी घेऊन गेले. दूरची, आणि अंगावर पुरळ उठलेली मुले तिथेच राहिली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी वसतिगृहात बाहेरच्यांना येण्याची आणि आतल्यांना बाहेर पडण्याची मनाई केली. कर्मचाऱ्यांना लेखी सुट्टी मिळाली. हेरंबला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या, म्हणून बाईंनी त्यालाही घरी पिटाळले. आत राहिल्या स्वयंपाकीण सगुणाबाई, मुलांची देखभाल करणाऱ्या शहनाजबी, आणि तापलेल्या पोरांजवळ बसायला माणूस कमी पडते म्हणून स्वतः सरोजिनीबाई. रस्त्यापलीकडच्या कार्यालयाला कुलूप होते आणि हजेरीपट त्या कुलपाच्या आत. साथ ओसरून सगळे पुन्हा कामावर आले, तेव्हा तिघींच्याही नावांपुढच्या त्या दिवसांच्या चौकटी रिकाम्या होत्या.

चौकटी आणखी एका नावापुढेही रिकाम्या होत्या. विश्वजित हा संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्याच महिन्यात त्याची वाचाशिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. रुजू व्हायच्या दिवशी तो मोटारीतून कार्यालयापर्यंत आला, सही करून गेला, तो परत फिरकलाच नाही. हमरस्त्यावर त्याचे हॉटेल होते आणि ते झोकात चालले होते.

महिना संपला आणि लेखापरीक्षक येणार असल्याचे पत्र आले. हजेरीपट तपासून होईपर्यंत पगार थांबवले गेले. तेव्हा अध्यक्ष आबासाहेब स्वतः कार्यालयात आले. ते आवाज चढवून कधी बोलत नसत. खुर्ची ओढून घेत ते म्हणाले, “बाई, त्या बायकांनी पोरांसाठी जीव टाकला. त्यांचा पगार एका सहीवाचून अडावा, हे माझ्या मनाला पटत नाही. जुन्या पटावर चहा सांडला असं लिहा. या महिन्याचा नवा पट करा. सगुणाबाईंच्या सह्या घ्या, शहनाजबींच्या घ्या, तुमच्याही करा. विश्वजित संध्याकाळी येऊन जाईल. सगळ्यांचं एकदम मार्गी लागेल.”

हेरंबच्या छातीवरचे ओझे उतरले. सगुणाबाईंच्या घरी तान्ह्या नातवासह बाळंतीण मुलगी होती. विश्वजितचे नाव त्याच्या कानाला खटकले, नाही असे नाही. पण एका लबाडासाठी तीन प्रामाणिक बायकांना उपाशी का ठेवायचे, असे म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली आणि कपाटातून कोरा पट काढून टेबलावर ठेवला.

सरोजिनीबाईंनी कोऱ्या पटाकडे पाहिलेही नाही. त्यांनी जुना पट उघडला आणि हात पुढे केला. “हेरंब, पट्टी दे. आणि लाल पेन.”

प्रथम त्यांनी स्वतःचे नाव शोधले. नावापुढच्या रिकाम्या चौकटींवरून एक सरळ लाल रेघ ओढली, वर ‘सही नाही’ असे लिहिले आणि खाली त्या दिवसाची तारीख घालून सही केली. मग तीच रेघ सगुणाबाईंच्या नावापुढे. मग शहनाजबींच्या. मग विश्वजितच्या. आता त्या चौकटींत कोणाला काही भरता येणार नव्हते.

आबासाहेब खुर्ची मागे सारून उठले. मग म्हणाले, “बाई, तुमच्या मानधनाची मुदत याच महिन्यात संपते. लक्षात आहे ना?”

“आहे,” बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. “त्या मुदतीच्या फायलीवरचं अक्षरही माझंच आहे.”

ही बातमी स्वयंपाकघरात पोचायला वेळ लागला नाही. सगुणाबाई पिठाच्या हातांनीच कार्यालयात आल्या. “बाई, माझ्या मांडीवर पोरं तापानं फणफणत होती, तुम्ही शेजारी होता! आणि तुमच्याच हातानं माझ्या कामावर काट मारली? परक्यानं मारली असती तर सोसलं असतं मी.”

हेरंबही पेटला. आजवर तो बाईंना उलट बोलला नव्हता. “तुमचं नाव स्वच्छ राहावं म्हणून यांनी भुकेलं राहायचं का? कागद माणसांसाठी असतो की माणसं कागदासाठी?”

बाईंनी दोघांनाही बसायला सांगितले. सगुणाबाई बसल्या नाहीत. तेव्हा बाईही उठून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या.

“सगुणा, तू तिथे होतीस हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे? पण त्या दिवसांच्या सह्या तू आज केल्यास, तर त्या खोट्या सह्या होतील. काम खरं आणि सही खोटी. तुझ्या सहीत आणि विश्वजितच्या सहीत मग काय फरक उरेल? दोघांचीही शाई एक, तारीख एक, लबाडीही एकच. आबासाहेबांना तुमची दया आली असती, तर त्यांनी साथीतच दारात येऊन विचारपूस केली असती. त्यांना तुमच्या तीन नावांच्या आडून चौथं नाव पुढे न्यायचंय. आणि एकदा का तू सही केलीस, की तू बांधली गेलीस. पोरांच्या दुधात पाणी का, असं तू उद्या विचारलंस तर ते हाच पट तुझ्यापुढे टाकतील. तुला वाटतं ते तुझा पगार सोडवतायत. ते तुझी जीभ विकत घेतायत, आणि तीही सरकारच्या पैशानं.”

मग त्या हेरंबकडे वळल्या. “मी ‘गैरहजर’ लिहिलेलं नाही. पुन्हा वाच. ‘सही नाही’ एवढंच लिहिलंय, आणि ते खरं आहे. सही का नाही, हे सांगायला आपल्याला तोंड आहे. खोटं भरलं असतं तर ते तोंडही गेलं असतं. पगार मागायचा, हक्कानं मागायचा, भांडून मागायचा. राबून मिळवलेली गोष्ट चोरासारखी मागच्या दारानं का घ्यायची?”

सगुणाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना ते पटले की नाही, हे हेरंबला कळले नाही. त्याला स्वतःलाही ते निम्मेच पटले होते. पण दुपारी बाईंनी सांगितले तसा त्याने एक अर्ज लिहिला. साथीत कोण आत होते, कोण बाहेर होते, सह्या का झाल्या नाहीत, आणि हा अर्ज आज, मागाहून लिहिला जात आहे, हेही. डॉक्टरांनी आपला दाखला जोडला. शहनाजबींनी सही केली. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर सगुणाबाईही आल्या, बाईंकडे न पाहता सही करून गेल्या.

लेखापरीक्षकांनी अर्ज वाचला, मान डोलावली आणि तरीही आक्षेप नोंदवला. चौकशी होईपर्यंत चारही पगार रोखले गेले. नियमाप्रमाणे त्यांना दुसरे काही करता येत नव्हते. सगुणाबाईंनी बाईंशी बोलणे टाकले. त्या बाईंना जेवणाचे ताट आणून द्यायच्या, पण भाजी कशी झाली हे पूर्वीसारखे विचारत नसत. बाई जेवायच्या, ताट स्वतः विसळून ठेवायच्या. महिनाअखेर मुदत संपली. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या हेरंबच्या हाती दिल्या, पिशवी उचलली आणि त्या घरी गेल्या. निरोपसमारंभ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी हेरंबला आपल्या खोलीत बोलावले. समोर तोच कोरा पट होता.

“चौकशी लागायची आहे अजून,” ते मायेने म्हणाले. “जुना पट बाईंनी रागाच्या भरात खराब केला, असं तू लिहून दे. हा नवा भर. लेखापालाची जागा रिकामी आहे, आणि कायम आहे. तुझ्यासारख्या हुशार मुलानं मानधनावर किती दिवस काढायचे?”

हेरंबचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. कायम नोकरी म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्याच क्षणी बाईंच्या बोलण्यातला उरलेला निम्मा अर्थ त्याच्या ध्यानात आला. सगुणाबाईंची जीभ जशी दयेच्या भावात मागितली गेली होती, तशी त्याची नोकरीच्या भावात मागितली जात होती. तो कार्यालयात गेला, कपाट उघडले, जुना पट घेऊन परत आला आणि आबासाहेबांच्या समोरच तो पसरला. बाईंच्या प्रत्येक सहीखाली त्याने आपली सही केली, त्या दिवसाची तारीख घालून.

“हे काय?” आबासाहेबांनी विचारले.

“साक्षीदार,” हेरंब म्हणाला. “आता हा पट दोघांनी खराब केलाय. मला काढायचं असेल तर तसं लेखी द्या, आबासाहेब. कारणासकट.”

लेखी कोणी दिले नाही. कारण लिहिता येण्याजोगे नव्हते.

चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या. सरोजिनीबाईंनाही साक्षीसाठी बोलावले होते; त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या. अधिकारी बाईंनी कागद वाचले आणि सगुणाबाईंना विचारले, “सह्या राहिल्या होत्या, तर मागाहून करून टाकायच्या. पुष्कळ ठिकाणी करतात. तुम्ही का नाही केल्या?”

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. क्षणभर त्यांची नजर दाराकडे गेली. मग त्या ताठ मानेने म्हणाल्या, “जे नव्हते त्यांनी कराव्यात तसल्या सह्या. मी तर तिथंच होते.”

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवले. “मुलांना विचारता येईल?”

मुलांना बोलावले. वर्गशिक्षिकेने हातवाऱ्यांच्या भाषेत त्यांना प्रश्न केला : आजारी होतात तेव्हा तुमच्याजवळ कोण होते? ही मुले प्रत्येक ओळखीच्या माणसाला एक खूण ठरवून देतात. तेच त्याचे नाव. साऱ्यांचे हात एकदमच उठले. दोन तळव्यांत भाकरी थापल्याची खूण झाली, त्या सगुणाबाई. हनुवटीवर तीळ असल्याची खूण झाली, त्या शहनाजबी. नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवल्याची खूण झाली, आणि मुले बाकाकडे बोट दाखवून हसू लागली.

मग अधिकारी बाईंनी नेमणुकीच्या कागदावरचा विश्वजितचा फोटो पुढे केला. मुलांनी तो हातोहात फिरवला. एकमेकांकडे पाहिले. कोणाचाच हात उठला नाही. शेवटी एका मुलाने शिक्षिकेला खुणेने विचारले : हे नवीन येणार आहेत का?

आबासाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

तेवढ्यात एका मुलीचे लक्ष हेरंबकडे गेले. तिने त्याची खूण केली, कानामागे पेन खोचल्याची, आणि मग ठामपणे मान हलवली. हा नव्हता. हा घरी होता.

पुढे तिघींचे पगार मंजूर झाले आणि विश्वजितची नेमणूक रद्द झाली. सरोजिनीबाईंना परत घेतले गेले नाही. आबासाहेब अध्यक्षपदी राहिले. सगुणाबाई आता सणावाराला बाईंच्या घरी डबा घेऊन जातात आणि भाजी कशी झाली ते विचारतात. हे सगळे नंतरचे. त्या दिवशी मात्र हेरंब दाराच्या चौकटीला टेकून त्या मुलीकडे पाहत राहिला. आपण नव्हतो, हे इतक्या स्वच्छपणे चारचौघांत सांगितले गेल्याचे त्याला वाईट वाटले नाही. उलट त्याने मुलीकडे पाहून मान डोलावली. बरोबर आहे, मी नव्हतो. ज्याला असे म्हणता येते, त्याच्याच ‘मी होतो’ला किंमत असते.